मुंबई–न्यूअर्क: किलोमीटर पक्के, वेळ कच्ची

एस.टी.त चौतीस वर्षं काढली. त्यातली शेवटची बरीच वर्षं स्वारगेटला, वाहतूक नियंत्रक म्हणून. समोर फलाट, हातात माईक आणि खिडकीशी दर दोन मिनिटांनी तोच प्रश्न: "साहेब, गाडी पोचते किती वाजता?" या प्रश्नाला किलोमीटरमध्ये उत्तर देणारा कंट्रोलर मी तरी पाहिला नाही. किलोमीटर तिकिटासाठी असतात, सहा किलोमीटरचा एक टप्पा धरून. वेळेची वही वेगळी.

ही ओळख आधीच करून दिली, कारण आता ज्या वेबसाइटबद्दल लिहितोय तिनं या दोन वह्या एकत्र शिवून टाकल्यात.

लेक अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला असते. गणपती झाले की या, असं तिनं सांगितलं आणि सोबत एक लिंक पाठवली. "बाबा, तुम्हाला आवडेल हे." आवडलंच. दोन विमानतळांची नावं टाकायची, बटण दाबायचं. अंतर येतं, वेळ येते, नकाशावर रेघ येते, दोन्हीकडची घड्याळं येतात. फुकट, लॉगिन वगैरे काही नाही. मधे मधे हॉटेलांच्या जाहिराती डोकावतात, पण त्या बंद करता येतात. अक्षर मोठं आहे, माझ्यासारख्या चष्मेवाल्याला त्रास नाही. वेबसाइटचं नाव देत नाही. अशा बऱ्याच आहेत, आणि ज्या तीन-चार मी चाळल्या त्यांचा हिशेब थोड्याफार फरकानं असाच होता.

मी टाकलं मुंबई आणि न्यूअर्क. शहराचं नाव टाकलं की ती विमानतळाचा तीन अक्षरी कोड दाखवते. न्यूअर्कचा ईडब्ल्यूआर, आपला बीओएम. बॉम्बेची मुंबई होऊन इतकी वर्षं झाली, पण विमानाच्या तिकिटावर अजून बॉम्बेच आहे.

उत्तर आलं: १२,५५० किलोमीटर. त्याखाली ७,७९८ मैल, त्याखाली ६,७७६ नॉटिकल मैल. तिन्ही आकडे एकाच जाडीच्या अक्षरात. आमच्या मेव्हणीबाईंनी मधलाच आकडा उचलला आणि "काही नाही हो, आठ हजार किलोमीटरसुद्धा नाहीये" असं नातेवाइकांत सांगत सुटल्या. नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा असतो. तो वैमानिकाच्या कामाचा, आपल्या नाही. हा आकडा खाली बारीक अक्षरात टाकला असता तर बरं झालं असतं.

आणि वेळ? १३ तास ५७ मिनिटं.

इथे मी चष्मा पुसला. तिकिटावर सोळा तासांच्या वरची वेळ छापलेली होती. अडीच तासांचा फरक गाडीला पडू शकतो, मान्य. पण मग वेबसाइटला सत्तावन्न मिनिटं कुठून दिसली? कॅल्क्युलेटर घेतला. १२,५५० भागिले ९००. उत्तर १३.९४. म्हणजे १३ तास आणि ५७ मिनिटं. झालं! ताशी ९०० हा वेग धरून सरळ भागाकार केलेला. विमान दार लावल्या क्षणी ९०० नं सुटतं आणि दार उघडेपर्यंत ९०० नंच असतं, असा हिशेब.

खात्री करायला मी पुणे–मुंबई टाकून पाहिलं. अंतर १२४ किलोमीटर. लोहगाव ते सहार सरळ रेघ मारली तर तेवढंच भरेल, त्याबद्दल तक्रार नाही. वेळ: ८ मिनिटं.

आठ मिनिटांत आमची शिवनेरी फलाटावरून मागे निघून गेटबाहेर पडली तरी मी शाबासकी द्यायचो.

वेळेचं काय ते कळलं, पण अंतराच्या बाबतीत मी या वेबसाइटला पैकीच्या पैकी देतो. हे उगाच नाही म्हणत, मोजून म्हणतो. लेकीच्या शाळेतला पृथ्वीगोल माळ्यावर होता, वीस सेंटिमीटर व्यासाचा. तो खाली काढला, पुसला. शिवणाच्या डब्यातून पांढरा दोरा घेतला. एक टोक मुंबईवर अंगठ्यानं दाबलं, दुसरं न्यूयॉर्कवर (न्यूअर्क त्याच्या शेजारीच, गोलावर वेगळं दिसत नाही) आणि दोरा ताणला. ताणल्याबरोबर तो सरसर वर उत्तरेला सरकला. मी त्याला अरबस्तानावरून न्यायला बघतोय आणि तो ऐकायलाच तयार नाही. सिंध, अफगाणिस्तान, अरल समुद्राची बाजू, मॉस्कोच्या अगदी कडेनं, मग फिनलंड-स्वीडनच्या मधला समुद्र, आइसलंड, ग्रीनलंडचं खालचं टोक आणि तिथून कॅनडावरून खाली. दोरा फूटपट्टीवर ठेवला, वीस सेंटिमीटरला जेमतेम कमी भरला. या मापाच्या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ६३७ किलोमीटर. गुणाकार करा, साडेबारा हजार येतात.

मग भिंतीवरच्या सपाट नकाशात जी सरळ रेघ दिसते, अरबस्तान आणि उत्तर आफ्रिकेवरून जाणारी, तिच्यावरून दोरा फिरवला. साडेबावीस सेंटिमीटरच्या जवळ गेला. म्हणजे १४,२०० किलोमीटर. नकाशावर सरळ दिसणारा रस्ता दीड हजार किलोमीटरहून जास्त लांबचा आणि वाकडा दिसणारा जवळचा. शाळेत हे शिकवलं असेल, पण पटलं ते दोरा हातात घेतल्यावर. वेबसाइटच्या नकाशावरची रेघ धनुष्यासारखी वाकलेली असते ती यामुळे. आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांना ती वेबसाइटची चूक वाटली होती.

आता मुद्द्याची गोष्ट. हा दोरा ज्या आकाशातून जातो, तिथून जायची मुभा कुणाला आहे? २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, आपणही त्यांना बंद केलं. २०१९ सालीही बालाकोटनंतर जुलैपर्यंत तेच झालं होतं. आणि अमेरिकन कंपन्यांचं म्हणाल तर त्यांना २०२२ पासून रशियाचं आकाश बंद. म्हणजे आपलं विमान सिंधवरून जाऊ शकत नाही, त्यांचं मॉस्कोवरून. दोरा आहे तिथेच आहे, पण त्यावरून आज ना आपली गाडी धावते ना त्यांची.

एस.टी.त याला आम्ही डायव्हर्शन म्हणायचो. घाटात दरड आली की गाडी दुसऱ्या रस्त्यानं काढायची आणि फलाटावर ओरडून सांगायचं, बाबांनो, तास-दीड तास जास्त लागेल. वेबसाइटला दरड दिसत नाही. तिच्या लेखी रस्ता कायम मोकळा.

अनंत चतुर्दशीनंतरच्या आठवड्यात आम्ही दोघं निघालो. विनाथांबा विमान. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण हे परीक्षण विमानाचं नाही. मी एक छोटी वही नेली होती आणि तिच्यात लॉगशीटसारखे रकाने आखले होते. सौ. म्हणाल्या, "रिटायर झालात ना?" झालो, पण मनगटावरचं घड्याळ अजून ड्यूटीवर आहे.

वहीतून सांगतो. सगळ्या वेळा आपल्या भारतीय घड्याळानं.

घर सोडलं संध्याकाळी ५.३० ला. बिबवेवाडीतून मुंबईचा विमानतळ दीडशेच्या पुढे किलोमीटर, त्यातले साडेचौऱ्याण्णव एक्स्प्रेसवेचे. फूडमॉलला चहा, बाकी कुठे थांबा नाही. १० वाजता पोचलो. विमानाचं दार बंद झालं १.४० ला. चाकं जमिनीवरून सुटली २.११ ला. ही मधली एकतीस मिनिटं वेबसाइटच्या हिशेबात नाहीत. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवरून एकाच वेळी वाहतूक चालवता येत नाही. एका फलाटावर सगळ्या गाड्या लावायच्या म्हटल्यावर रांग लागणारच. मला त्या वैमानिकाची फार कणव आली.

उडाल्यावर समोरच्या पडद्यावर नकाशा लावून बसलो. शेजारचा मुलगा सिनेमा बघत होता, मी विमान बघत होतो. दोरा म्हणत होता उत्तर-वायव्येला चल, विमान गेलं सरळ पश्चिमेला समुद्रावर. ओमानकडे गेलं, मग आखात, मग वर तुर्कस्तान, मग युरोप तिरका कापत अटलांटिकवर. घरी परतल्यावर मी त्याच वेबसाइटवर तुकडे पाडून हा रस्ता जोडला: मुंबई–मस्कत १,५८० च्या आसपास, मस्कत–इस्तंबूल ३,३७०, इस्तंबूल–न्यूअर्क ८,१०० ला थोडे कमी. बेरीज १३ हजारांच्या घरात. म्हणजे दोऱ्यापेक्षा पाचएकशे किलोमीटर जास्त. वाटलं होतं त्याहून कमीच. दिल्लीहून निघणाऱ्यांना हा वळसा जास्त पडतो, कारण त्यांच्या दाराबाहेर पाऊल टाकलं की लगेच पाकिस्तान. आपल्याला निदान समुद्र आहे.

मग अडीच तास गेले कुठे? थोडे रांगेत, थोडे वळशात आणि उरलेले वाऱ्यात. पडद्यावर जमिनीच्या हिशेबानं वेग येतो, तो अटलांटिकवर बराच वेळ ८१० ते ८३० च्या दरम्यान होता. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे पट्टे वाहतात, जेट स्ट्रीम म्हणतात त्यांना. विमानाचं इंजिन तेवढाच जोर लावत असतं, पण वारा तोंडावर. म्हणजे न्यूयॉर्कला जाताना घाट चढायचा आणि येताना उतरायचा. आमच्याकडे खंबाटकी चढायला एक वेळ धरायचो आणि उतरायला दुसरी, ते शहाणपण इथे लागतं. (पृथ्वी फिरते म्हणून जायला वेळ लागतो असं सांगणारे बरेच भेटतात. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते, नाहीतर स्वारगेटला उडी मारलेला माणूस कात्रजला उतरला असता.)

न्यूअर्कला चाकं टेकली संध्याकाळी ६.०३ ला, दार उघडलं ६.१८ ला. तिथे सकाळचे आठ अठ्ठेचाळीस. हवेत १५ तास ५२ मिनिटं, दारापासून दारापर्यंत १६ तास ३८. तिकिटावरच्या वेळेशी हे बऱ्यापैकी जुळलं. तिकीट छापणाऱ्याला जमिनीवरची रांग, वारा आणि वळसा तिन्ही ठाऊक असतात. ज्यांना प्रवासाची खरी वेळ हवी त्यांनी एवढंच करावं: ज्या तारखेला जायचंय त्या तारखेच्या वेळापत्रकातली वेळ बघावी. वेबसाइटनं काढलेली बघू नये.

इमिग्रेशन, सामान, गाडी. जावईबापू न्यायला आले होते. न्यूअर्क ते एडिसन तीसेक किलोमीटर. लेकीच्या दारात पाय ठेवला तेव्हा माझ्या मनगटावर रात्रीचे पावणेनऊ वाजले होते आणि तिच्या भिंतीवर सकाळचे सव्वाअकरा. बिबवेवाडीच्या दारापासून एडिसनच्या दारापर्यंत २७ तास १५ मिनिटं. वेबसाइटच्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट. लेकीनं पोहे केले होते. सौ. पाच मिनिटांत सोफ्यावर झोपल्या, ताटली हातातच.

घड्याळांचा भाग मात्र वेबसाइटनं चोख ठेवलाय, तो सांगायलाच हवा. सप्टेंबरात मुंबई आणि न्यूअर्कमध्ये साडेनऊ तासांचा फरक. तिकडे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे घेतात, मग फरक साडेदहाचा होतो. २०२५ साली तो रविवार २ तारखेला आला. नातवानं मला स्टुलावर चढवून भिंतीवरचं घड्याळ मागे करायला लावलं आणि विचारलं, "आजोबा, हा एक तास आता कुणाचा?" मी त्याच सकाळी वेबसाइट उघडून पाहिली, तर तिनं फरक आपोआप बदललेला. पुण्याला फोन कधी करायचा हे मी त्यानंतर तिलाच विचारत असे. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते परत साडेनऊवर येतात.

परतीचं तिकीट स्वस्त मिळालं म्हणून दुबईवरून घेतलं होतं, नोव्हेंबरच्या शेवटी. थांबा घेतला की अंतर किती वाढतं हे बघायला वेबसाइट उत्तम. न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ ते दुबई ११,०२० किलोमीटरच्या आसपास, दुबई–मुंबई साधारण १,९३०. बेरीज १२,९५०. केनेडी–मुंबई सरळ दोऱ्यापेक्षा चारशेच जास्त! दुबई म्हणजे केवढा मोठा वळसा, असं मी इतकी वर्षं समजत होतो. किलोमीटरमध्ये बघाल तर वळसा नाहीच म्हणा. बसून राहावं लागतं, तो भाग वेगळा.

आणि हा घाट उतरायचा होता. अटलांटिकवर पडद्यावर १,०८५ दिसले तेव्हा मी सौं.ना उठवून दाखवले. त्यांनी डोळे उघडले, "बरं" म्हणाल्या आणि मिटले. केनेडीहून दुबई १२ तास २० मिनिटांत. हेच अंतर दुबईहून न्यूयॉर्कला जाताना चौदा तासांच्या आसपास धरतात. वेबसाइटवर मात्र मुंबईहून न्यूअर्क टाका किंवा न्यूअर्कहून मुंबई टाका, वेळ तीच, मिनिटाचा फरक नाही. माझ्या मते हा तिचा सगळ्यात मोठा दोष. वळसे आणि बंद आकाशं रोज बदलतात, त्यांचा हिशेब फुकटच्या वेबसाइटकडून कुणी मागू नये. पण वारा काही आज वाहायला लागलेला नाही.

दुबईत ४ तास २० मिनिटं बसलो, मग मुंबईला २ तास ५० मिनिटं. विमानात चढल्यापासून मुंबईत उतरेपर्यंत साडेएकोणीस तास. पाय मोकळे झाले, गुडघे खूश. साठी उलटलेल्या जोडप्यानं जाताना सरळ जावं की थांबा घ्यावा असं कुणी विचारलं, तर मी थांबा म्हणेन. सोळा तास एका खुर्चीत बसणं हे कंट्रोल केबिनमध्येही मला कधी जमलं नव्हतं, तिथे निदान उठून फलाटावर जाता यायचं. पुण्याला घरी पोचेपर्यंत रात्रीचे दहा वाजले. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ च्या २५ तारखेला सुरू झाला. तिथून अमेरिकेची विमानं सुटू लागली तर आम्हा पुणेकरांचा घर ते विमानतळ हा टप्पा बराच सुसह्य होईल.

ही वेबसाइट कुणाला उपयोगी? शाळेतल्या पोरांना नक्की. त्यांना पृथ्वीगोल आणि दोरा आधी द्या, मग वेबसाइट दाखवा. शिवाय माझ्यासारख्या रिकामटेकड्यांना. मी संध्याकाळी बसून जगातले लांबचे लांब विमानतळ टाकत असतो. सिंगापूर–न्यूयॉर्क, नियमित विनाथांबा विमानांमधलं सगळ्यात लांबचं, १५,३४९ किलोमीटर. वेबसाइट म्हणते १७ तास ३ मिनिटं, वेळापत्रकात साडेअठरा तासांच्या वर. पृथ्वीवर कुठलीही दोन गावं घ्या, २०,००० च्या जेमतेम पुढे आकडा जातो, त्याहून लांब काही नाहीच, कारण त्यानंतर दुसऱ्या बाजूनं जवळ पडायला लागतं. हे कळल्यावर जग थोडं लहान वाटलं, खोटं कशाला बोलू.

तारे द्यायची पद्धत आहे म्हणून देतो. अंतराला पाचपैकी पाच. घड्याळांना पाच. नकाशाला चार, कारण मोबाइलवर रेघ बोटाखाली सरकते. वेळेला एक, तोही फुकट आहे म्हणून.

पानाच्या तळाशी "चूक कळवा" असं बटण आहे. ऑक्टोबरात एडिसनला रिकामा बसलो होतो तेव्हा नातवाकडून इंग्रजीत लिहून घेतलं की, पुणे–मुंबई आठ मिनिटांत होत नाही, निदान चढण्या-उतरण्याचा अर्धा तास तरी धरा आणि पश्चिमेला जाताना वेगळी वेळ दाखवा. "आभारी आहोत, तपासतो" असं लगेच आलं, बहुधा यंत्राचंच. काल परत उघडून पाहिलं. पुणे–मुंबई अजून ८ मिनिटं.